सहावा नमुना

चाकणच्या चौकात गाडी अडकली तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते आणि डॉ. अंजली रणपिसे मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात एक तक्ता भरत होती. बारा रुग्णालयं, प्रत्येकातून महिन्याला चाळीस नमुने, प्रत्येक नमुन्यातल्या जंतूचं पूर्ण जनुकीय वाचन. पुढं कंटेनर, मागं कंपनीची बस, डाव्या हाताला कांद्याच्या मार्केटची भिंत. काच बंद होती तरी कांद्याचा उग्र, थोडा गोडसर वास आत शिरला होता. भिंतीला लागून एक नळ होता. कांदा निवडणाऱ्या बायका जेवणाच्या सुट्टीत तिथं हात धूत होत्या. हातावर पाणी घ्यायचं, पदराला पुसायचं, झालं. शेवटची बाई मात्र थांबली. तिनं कमरेच्या पिशवीतून साबणाची वडी काढली. तळव्यावर तळवा. मग उजवा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर, मग उलट. बोटांत बोटं. बोटं मुडपून त्यांची पाठ. अंगठा मुठीत धरून गोल. शेवटी नखं तळहातावर. आपण मोजतो आहोत हे अंजलीच्या लक्षात आलं तेव्हा सहा झाले होते. बाईनं दोन्ही हात वर धरले, पाणी कोपराकडं निथळू दिलं आणि मान वळवली. गौहरबी होती.

"निघालं बाबा एकदाचं," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी हलली. अंजलीनं मागं वळून पाहिलं नाही. खरं तर थांबायला हवं होतं, गाडी बाजूला घे म्हणायला दोन सेकंद लागले असते. त्याऐवजी तिनं तक्ता पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला, आणि तळेगाव रस्त्यावरच्या ज्या लहान रुग्णालयात ती निघाली होती तिथं पोचेपर्यंत तिला बारा चोक किती हेही सुचेना. तिथल्या लोकांशी ती बोलली, नवजात बाळांचा विभाग पाहिला, चहा घेतला. हसलीही. पण निघताना हात धुतले तेव्हा तिनं पुन्हा सहापर्यंत मोजलं.

हात धुण्याच्या त्या सहा पायऱ्या गौहरबीला तिनंच शिकवल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी, चिंचवडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात. अंजली तेव्हा नुकतीच सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर म्हणून लागली होती आणि गौहरबी नवजात विभागात सफाईला होती. तीन आठवड्यांत पाच बाळांच्या रक्तात एकच जंतू सापडला. क्लेबसिएला. एरवी माणसाच्या आतड्यात निमूट राहणारा, पण किलो-दीड किलोच्या बाळाच्या रक्तात शिरला की कुठल्याही औषधाला दाद न देणारा. पाचातली दोन गेली. एका बाळाचा बाप तळवड्याच्या कंपनीतून थेट गणवेशातच आला होता. पायांतल्या सेफ्टी शूजवर विभागात शिरताना घालायची ती निळी प्लास्टिकची पिशवी काही केल्या चढेना, आणि तो खाली बसून ती ओढत राहिला, बराच वेळ, जणू ती नीट चढली तर आत सगळं ठीक असेल. अंजलीनं विभागातल्या प्रत्येकाच्या हातांचे नमुने घेतले. हात सरळ जंतू वाढवायच्या प्लेटवर टेकवायचे, प्लेट एक दिवस उबेत ठेवायची. गौहरबीच्या प्लेटवर क्लेबसिएला उगवला. बाळांमधल्या जंतूवर जी औषधं चालत नव्हती, तीच यावरही चालत नव्हती. पाच बोटांचे पाच ठसे, ओलसर, फुगीर, मोत्याच्या रंगाचे. अंजलीनं त्या प्लेटचा फोटो काढला होता. फोटो फार सुरेख आला होता.

तो फोटो पुढं सगळीकडं गेला. पहिल्या शोधनिबंधात गेला, त्या निबंधामुळं शिष्यवृत्ती मिळाली, शिष्यवृत्तीमुळं पीएच.डी., पीएच.डी.मुळं ही पिंपरीतली स्वतःची प्रयोगशाळा. नऊ वर्षांत तिनं किमान दीडशे व्याख्यानं दिली असतील आणि प्रत्येकात चौथ्या स्लाइडवर ती प्लेट होती. "हा एका कर्मचाऱ्याचा हात," ती म्हणायची आणि जरा थांबायची. सभागृहात दरवेळी तोच आवाज उठायचा, श्वास आत ओढल्याचा. नर्सिंगच्या मुली नकळत आपापले तळवे बघायच्या. त्या फोटोनं लोक हात धुवायला लागले होते, जीव वाचले होते, हे खोटं नव्हतं. पण चाकणहून परतल्यावर ती संगणकासमोर बसली, चौथी स्लाइड उघडली आणि तिला पहिल्यांदाच जाणवलं की करंगळीचा ठसा किंचित वाकडा आहे. एखाद्या माणसाची करंगळी असते तसा.

तीन दिवस ती काही करत नव्हती, म्हणजे खूप काही करत होती. सोमवारी दिल्लीहून समिती यायची होती, बारा रुग्णालयांचा प्रकल्प मंजूर व्हायचा होता. रुग्णालयात कुणाला जंतुसंसर्ग झाला की दोन दिवसांत त्या जंतूचं पूर्ण जनुकीय वाचन करायचं, तो कुणाच्या जवळचा, कुठून आला ते शोधायचं, आणि दुसऱ्या रुग्णापर्यंत पोचायच्या आत वाट बंद करायची. तिचा सहकारी अफताब या कामाला 'जंतूची कुंडली मांडणं' म्हणायचा. अंजलीला तो शब्द आवडत नसे. ती म्हणायची, "कुंडली नाही रे, वंशावळ. कुंडली पुढचं सांगते आणि चुकते. ही मागचं सांगते आणि चुकत नाही." हे वाक्यही ती व्याख्यानात वापरायची. आता ते तिच्या डोक्यात नको तेव्हा वाजू लागलं. चहा ओतताना, रहाटणीच्या घराचं कुलूप काढताना. मागचं सांगते आणि चुकत नाही. मग मागचं विचारलं का नाहीस? हे वाचन करणारं यंत्र येऊन चार वर्षं झाली होती. करोनाच्या साथीत मिळालेलं, स्टेपलरएवढं. चार वर्षांत त्यातून तिनं दोन हजार जंतू वाचले होते. आणि चिंचवडचे जुने सात नमुने उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये, तिसऱ्या कप्प्यात, निळ्या झाकणाच्या डबीत होते. एक ते पाच बाळांचे. सहावा गौहरबीच्या हाताचा. सातवा विभागातल्या बेसिनच्या नळीतला, जो त्या वेळी नुसता घ्यायचा म्हणून घेतला होता. नळीतही तोच जंतू निघाला, तेव्हा सगळे म्हणाले होते, हात तिथंच धुतात, मग नळीत जंतू असणारच. अंजलीही म्हणाली होती. आठवलं की लाज वाटावी इतक्या सहज.

आणि मग तिला चिंचवडची ती चौकशीची बैठक आठवली. विसरली होती असं नाही, पण त्या आठवणीत नेहमी फक्त खुर्च्या दिसायच्या, पंखा दिसायचा, आणि टेबलाच्या त्या टोकाला उभी असलेली हिरव्या गणवेशातली बाई. आता आवाजही ऐकू आला. गौहरबी रडत नव्हती. ती म्हणाली होती, "साहेब, त्या बेसिनचा नळ लई जोरात येतो. नळीतलं पाणी वर उडतं, बाजूच्या ट्रॉलीवर. मी दोनदा सांगितलं." त्या ट्रॉलीवर बाळांची इंजेक्शनं भरली जात. बैठकीचे अध्यक्ष डॉ. मारुतराव शेवाळे म्हणाले होते, "बरं, ते मेंटेनन्सला सांगू," आणि पुढच्या कागदाकडं वळले होते. गौहरबीला कामावरून काढलं. विभाग पंधरा दिवस बंद ठेवला, धुऊन काढला, रंगवला, नवं बेसिन बसवलं. पुन्हा एकाही बाळाला संसर्ग झाला नाही. बघा, लोक म्हणाले.

शुक्रवारी सकाळी अंजलीनं फ्रीजर उघडला. गार वाफ अंगावर आली. डबीवर तिचंच अक्षर होतं, नऊ वर्षांपूर्वीचं, आताच्यापेक्षा गोल आणि आज्ञाधारक. "हे जुने कशाला?" अफताबनं विचारलं. "तपासायचंय," ती म्हणाली. त्यानं आणखी काही विचारलं नाही. तो फुगेवाडीत वाढलेला, मेकॅनिकचा मुलगा, आणि इंजिन उघडताना बोलायचं नसतं हे त्याला घरूनच ठाऊक होतं. जंतू पुन्हा वाढवायला एक दिवस, वाचायला एक दिवस. रविवारी सकाळी अकरा वाजता आकडे पडद्यावर आले. जनुकांच्या त्रेपन्न लाख अक्षरांचा एक जीव. पाच बाळांचे पाच नमुने एकमेकांपासून तीन-चार अक्षरांच्या अंतरावर, म्हणजे एकाच घरातले. सातवा, बेसिनच्या नळीतला, त्यांच्यापासून दोन अक्षरांवर. आणि सहावा बावीस हजार अक्षरं दूर. नातं नाही, गोत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाही माणसाच्या पोटात सापडावा असा कुणीतरी तिसराच. अंजलीनं आकडे तीनदा पाहिले. अफताब मागं उभा होता. "मॅडम," तो हळू म्हणाला, "ही ती चौथी स्लाइड ना?" तिनं मान हलवली. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं खुर्ची ओढली आणि नुसता तिच्या शेजारी बसून राहिला.

घरी वडील गॅलरीत पेपर वाचत होते. ज्ञानदेव रणपिसे, बत्तीस वर्षं चिंचवडच्या फाउंड्रीत, शेवटची दहा तपासणी विभागात. तिनं सगळं सांगितलं, एका दमात, लहानपणी फुटलेल्या कपबशीचं सांगायची तसं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्याकडं कास्टिंगला भोक पडलं की पहिल्यांदा धातू ओतणाऱ्याला धरायचे. साच्याची वाळू ओली आहे का ते शेवटी बघायचे. आणि वाळूच ओली असायची, दहातल्या आठ वेळा." मग थोड्या वेळानं, "तुझ्या आईला कॅन्टीनमध्ये भाजी निवडायला ठेवलं होतं. अकरा वर्षं. पोळ्यांवर कधी बसवलं नाही." एवढंच म्हणून त्यांनी पेपर उचलला. त्यांना अंजलीला टोचायचं नव्हतं, हे तिला कळत होतं. त्यांना फक्त ते आठवलं होतं. पण ती आत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. आईचे, तानुबाईचे हात तिला आठवत होते, मेथीच्या वासाचे, कोरडे, स्वच्छ. त्या हातांनी कणीक का मळायची नाही, हे कॅन्टीनमध्ये कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. आईनं घरी कधी तक्रार केली नाही, फक्त घरच्या पोळ्या ती फार निगुतीनं करायची, एकेक सारखी गोल. आणि त्या आईच्या मुलीनं एका बाईचा हात काचेवर ठेवून घेतला, त्याचा फोटो काढला आणि दीडशे सभागृहांत तो भिंतीएवढा करून दाखवला. तिनं जात नव्हती पाहिली, धर्म नव्हता पाहिला, ती विज्ञानानं बोलत होती. पण त्या विभागात नर्स, डॉक्टर, बाळांच्या आया धरून एकोणतीस जणांचे हात तपासले होते. आणखी दोन प्लेटवर काहीबाही उगवलं होतं, आणि ते हात कुणाचे हे बैठकीत कुणी विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेनऊला, समिती यायच्या दीड तास आधी, ती डॉ. शेवाळ्यांच्या केबिनमध्ये गेली. ते आता प्रकल्पाचे प्रमुख होते, आणि त्या पहिल्या निबंधावर तिच्या नावाशेजारी त्यांचंही नाव होतं. निबंध मागं घेण्याच्या पत्राचा कागद तिनं समोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, काढला, पुन्हा लावला.

"दुरुस्तीची चार ओळींची टीप नाही चालणार?"

"नाही सर. निष्कर्षच चुकलाय. निबंध मागं घ्यावा लागेल."

"आठ दिवस थांबता येईल? आजचा दिवस जाऊ दे फक्त."

हो म्हणावंसं तिला वाटलं. फार वाटलं. खिडकीबाहेर बारा रुग्णालयं उभी होती, त्यांतली अजून न जन्मलेली बाळं उभी होती, आणि त्यांच्यासाठी आठ दिवस काय होते? "मी चार वर्षं थांबलेय, सर," ती म्हणाली. आपला आवाज असा निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

डॉ. शेवाळ्यांनी कागद स्वतःकडं ओढला. मग म्हणाले, "त्या बैठकीत मी तिला स्वतः उठून पाण्याचा ग्लास दिला होता. घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा, की आपण माणुसकीनं वागलो." त्यांनी पेन काढलं आणि सही केली. सही नेहमीसारखी झाली नाही, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं.

समितीसमोर चौथ्या स्लाइडच्या जागी तिनं आकड्यांचा तक्ता ठेवला आणि काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. सभागृहात श्वास ओढल्याचा आवाज आला नाही. समितीतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी दाखवून दिलं?" "नाही." "मग आज का सांगताय?" "कारण ही पद्धत नेमकं हेच करते," ती म्हणाली. "कोण नाही, तेही सांगते." महिनाभरानं पत्र आलं. बारा नाही, सहा रुग्णालयं मंजूर. वर्षभर काम बघून उरलेल्यांचं ठरेल. तळेगाव रस्त्यावरचं ते चाकणचं लहान रुग्णालय सहांत होतं.

पण ते पत्र नंतरचं. त्या आधी, सोमवार संपून मंगळवार उजाडला तेव्हा, तिनं इंदुताईंना फोन लावला. त्या चिंचवडच्या नवजात विभागाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या, आता निवृत्त. इंदुताई ऐकून घेऊन म्हणाल्या, "दोनदा मलाच सांगितलं होतं तिनं. मी म्हटलं, तू पुसून घे." पत्ता त्यांच्याकडंच होता. दरवर्षी ईदला त्या गौहरबीला फोन करायच्या, आणि दोघी फक्त गुडघ्यांबद्दल बोलायच्या.

गौहरबीच्या मुलाचं, रियाजचं, तळेगाव रस्त्याला दुचाकींचं गॅरेज होतं, मागं दोन खोल्या. रियाजनं काळे हात पुसत अंजलीकडं पाहिलं. "काय काम व्हतं अम्मीकडं?" "मी चिंचवडच्या दवाखान्यात होते. त्यांच्याबरोबर." त्याचा चेहरा उजळला. "अरे, मग या की, बसा. अम्मी, तुज्या दवाखान्यातल्या मॅडम आल्या!" याला काही माहीत नाही, अंजलीला कळलं. गौहरबी दारात आली. केस पांढरे झाले होते. तिनं अंजलीला ओळखलं, चौकटीला हात टेकवला आणि म्हणाली, "मॅडम, तुमी इकडं कशा?" आवाजात राग नव्हता. भीती होती. नऊ वर्षांनीही कुणीतरी येईल आणि आणखी काहीतरी सांगेल, अशी.

आत चटईवर बसल्यावर अंजलीनं घरातल्यांसमोर बोलू का, असं डोळ्यांनीच विचारलं. गौहरबीनं काही क्षण विचार केला. मग म्हणाली, "बोला. आता काय."

तयार केलेली सगळी वाक्यं निरुपयोगी झाली होती. "गौहरबी, बाळांना जो जंतू झाला होता तो तुमच्या हातावरचा नव्हता. आता नवीन यंत्र आलंय, त्यावर मी परत तपासलं. तो बेसिनच्या नळीतला होता. तुमच्या हातावरचा वेगळा होता, कुणाच्याही हातावर असतो तसा. तुमच्या हातानं कुणाला काही झालं नाही. मी चुकीचं सांगितलं होतं."

गौहरबीनं विचारलं, "दोन्ही बाळं?"

"दोन्ही."

"ती पाच नंबरची? पायाला काळा दोरा व्हता ती?"

"तीही."

"तिचं दुपटं मी बदललं व्हतं," गौहरबी म्हणाली. "सकाळी. सिस्टर घाईत व्हत्या म्हणून. मी रोज मनात तेच बदलते."

रियाजची बायको फरहीन चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "म्हणून?" ती म्हणाली. "अम्मी, म्हणून तुम्ही जिकराला घेत नव्हतात?" फरहीन अंजलीकडं वळली, जणू पंच तीच होती. "माझी मुलगी झाली तेव्हा दोन महिने यांनी तिला हात लावला नाही. नंतर घ्यायच्या तर हातावर दुपट्टा टाकून. सात वर्षं मी समजले, मुलगी झाली म्हणून आवडली नाही. माझ्या आईला सांगितलं मी तसं. सगळ्यांना सांगितलं." तिनं ट्रे जमिनीवर ठेवला, चहा सांडला, आणि ती सासूजवळ जाऊन बसली. काय करावं ते न कळून तिनं सासूचा गुडघा धरला. रियाज दारात तसाच उभा होता, त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "तू तर म्हणालीस, झाडायचा कंटाळा आला."

गौहरबी रडली ती तेव्हा. आवाज न करता, बराच वेळ, आणि रडताना तिनं डोळे पुसले नाहीत. मग तिनं मान वर केली तेव्हा चेहरा बदलला होता. "ते यंत्र कधी आलं म्हणाला?"

"चार वर्षं झाली."

"आन् तो माझ्या हाताचा नमुना कुठं व्हता?"

"आमच्याच फ्रीजमध्ये."

"मंजी चार वर्षं यंत्र तिथं, नमुना तिथं, तुमी तिथं. मग?"

"बघितला नाही," अंजली म्हणाली. "वेळ नाही असं वाटायचं. भीती होती बहुतेक."

"मला न्हाई वेळ लागला. माझ्या हातानं झालं, हे मी एका दिवसात मान्य केलं," गौहरबी म्हणाली. आणि नंतर, शांतपणे, "मला माफी-बिफी नको मॅडम. माफीचं काय करू? कागद द्या. मराठीत. शिक्क्याचा."

आठवड्यानं अंजली कागद घेऊन गेली. रुग्णालयाच्या ट्रस्टनं शिक्का द्यायला कुरकुर केली, पण डॉ. शेवाळे स्वतः जाऊन बसले आणि शिक्का घेऊन आले. अंजलीनं कागद मोठ्यानं वाचला, सगळ्यांसमोर. शेजारच्या टायरवाल्यालाही रियाजनं बोलावून आणलं होतं. वाचून झाल्यावर गौहरबी म्हणाली, "झालं? बेसिनचं कुठंय?" "बेसिनमधून संसर्ग झाला असं लिहिलंय की." "ते तुमी शोधलं. मी सांगितलं व्हतं, ते कुठंय?" अंजलीनं तिथंच, गॅरेजच्या टेबलावर, ऑइलचे डाग चुकवत, कागदाच्या खाली पेनानं ओळ वाढवली: नळीतलं पाणी ट्रॉलीवर उडतं, हे श्रीमती गौहरबी यांनी घटनेपूर्वी दोन वेळा निदर्शनास आणून दिलं होतं, त्याची दखल घेतली गेली नाही. घेतली असती तर, असं लिहून ती थांबली. पुढचं लिहिलं नाही, आणि लिहिलेलंही खोडलं नाही. ते तीन शब्द तसेच राहिले. निबंध मागं घेतल्याची सूचना छापून आली तीत हीच ओळ इंग्रजीतून होती. अफताबनं विचारलं होतं, मॅडम, असं कुणी लिहितं का? ती म्हणाली, आता लिहितं.

पावसाळा संपता संपता चाकणच्या रुग्णालयात प्रकल्प सुरू झाला. यंत्र आलं, फ्रीजर आला, नमुन्यांच्या डब्या आल्या. अंजली पुन्हा गौहरबीकडं गेली. "कामावर येता का?" असं विचारायला तिला संकोच वाटत होता, आणि गौहरबीनं ते सोपंही केलं नाही. "झाडायला न्हाई येणार," ती म्हणाली. "झाडायला नाही. शिकवायला. सफाईच्या बायकांना, आयांना. आठवड्यातून दोन दिवस." गौहरबी जिकराची वेणी घालत होती, उघड्या हातांनी, केस घट्ट ओढत, आणि जिकरा कुरकुरत होती. "मला काय येतं शिकवायला? तुमीच शिकवता की सहा पायऱ्या." "ते मी शिकवेन. तुम्ही दुसरं शिकवा." "काय?" अंजलीनं विचार केला. तिला ते नीट मांडता येत नव्हतं. विभागात रोज आठ तास जमिनीच्या जवळ असलेल्या माणसाला जे दिसतं ते कोणत्याही यंत्राला आधी दिसत नाही. यंत्र नंतर सांगतं, बाळ आजारी पडल्यावर. "बघायला," ती म्हणाली. गौहरबीनं रिबिनीची गाठ मारली. "बघायला कुणी शिकवावं लागत न्हाई, मॅडम. सांगायला शिकवावं लागतं." थोड्या वेळानं म्हणाली, "मंगळवार आन् शुक्रवार जमंल."

पहिल्या मंगळवारी दुपारी तळमजल्यावरच्या खोलीत सतरा बायका जमल्या. बहुतेक मराठवाड्यातून आलेल्या, नवरे कंपन्यांत, अंगात नवे गणवेश. डॉक्टर मॅडम बोलतील म्हणून सगळ्यांनी चेहरे आधीच झाकून घेतल्यासारखे करून ठेवले होते. अंजली शेवटच्या ओळीत बसली. गौहरबी पुढं उभी राहिली, निळी साडी, हातात काहीच नाही. अंजलीला वाटलं, उठावं, मदत करावी. ती उठली नाही.

"माझं नाव गौहरबी," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं ह्याच कामात व्हते. मला एक गोष्ट दिसली, मी दोनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगायला पायजे व्हती, सांगितली न्हाई. लाजले. तुमी लाजू नका." ती थांबली. "आता बोला. इथं काय चुकीचं दिसतं?"

पंखा फिरत होता. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत गेली. एक बाई दुसरीकडं बघून हसली आणि लगेच गप्प झाली. गौहरबी घाईत नव्हती. तिनं खुर्ची ओढली, बसली, आणि वाट बघू लागली, बाकी दिवस तिच्यापाशी मोकळाच असल्यासारखी.

मधल्या ओळीतली सोजराबाई नावाची बाई चुळबुळ करत उभी राहिली. पन्नाशीची, कपाळावर गोंदण. बोलताना तिनं गौहरबीकडंच पाहिलं, मागं कुणाकडं नाही. "ताई, दुसऱ्या मजल्याला त्या एसीतून पाणी टिपकतं. बाळाच्या खाटंच्या अगदी वर न्हाई, पण उशाला. मी खाली फडकं ठिवते रोज. सांगायचं का ते?"

"ते तर पहिलं सांगायचं," गौहरबी म्हणाली. "अजून?"

मग सोजराबाईच्या मागची उठली. आणि ती बोलत असतानाच तिच्या शेजारची.